विकावयाचे घर आणि न येणारे गिऱ्हाईक

पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशा मध्यमवर्गीय वसाहतींतून ज्या इमारतींना आज चाळीस-पन्नास वर्षे झाली आहेत, त्यांच्या फाटकावर किंवा जिन्याखालच्या फलकावर ‘ब्लॉक विकणे आहे’ ही पाटी दिसणे नवलाचे राहिलेले नाही. नवल आहे ते ती पाटी वर्ष-दीड वर्ष जागची हलत नाही याचे. ज्या शहरात डोक्यावर छप्पर मिळविण्यासाठी लाखो माणसे कर्जत आणि विरारपर्यंत मागे हटली आणि रोज लोकलच्या दारात लोंबकळत परत येऊ लागली, त्याच शहरात स्टेशनापासून दहा मिनिटांवरचे हवेशीर घर गिऱ्हाइकाअभावी कुलपात पडून राहावे, हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे.

हा प्रश्न दलालांच्या कट्ट्यावरचा म्हणून सोडून देता येत नाही. या घरांचे मालक बहुधा सत्तरी ओलांडलेले आहेत. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा सातासमुद्रापलीकडे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलेला. आयुष्यभराच्या काटकसरीतून उभी राहिलेली मिळकत काय ती एवढीच. ती विकली जात नाही तोवर औषधपाणी, शुश्रूषा, मुलांजवळ जाऊन राहणे हे सर्वच खोळंबते. सोने मोडता येते, ठेव मुदतीपूर्वी काढता येते. घराचा अर्धा कोपरा विकून इस्पितळाचे बिल भागविता येत नाही.

कारण विचारले की पहिले उत्तर सर्वांच्या ओठांवर तयार असते : बाजारात मंदी आहे. हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. महासाथीने सर्व व्यवहार गारठले असताना राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकट्या मुंबईत जवळजवळ २० हजार विक्रीदस्त नोंदले गेले. नोकऱ्या डळमळीत असताना, तोंडाला फडकी बांधून माणसे नोंदणी कार्यालयांपुढे उभी राहिली. म्हणजे गिऱ्हाईक होतेच. ते कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडून बसले होते. तो जुळताच उठले.

तेव्हा हा हिशेब आहे तरी काय, तो पाहू. समजा, मुंबईतील एका जुन्या ब्लॉकची किंमत मालकाने १ कोटी रुपये ठरविली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. म्हणजे बँक फार तर ७५ लाख देईल. उरलेले २५ लाख, वर मुद्रांक शुल्क व मेट्रोचा अधिभार मिळून ६ टक्के म्हणजे ६ लाख, नोंदणीचे शुल्क, दलालाची दलाली, असे ३२ लाखांच्या पुढे रोकडे पैसे गिऱ्हाइकाने पदरचे घालावयाचे. मुद्रांकाच्या रकमेवर बँक कर्ज देत नाही. यावर जुन्या नळांची, विजेच्या तारांची आणि गळक्या न्हाणीघराची दुरुस्ती वेगळीच. पण कथा येथे संपत नाही. बँकेचा मूल्यांकक येतो, इमारतीचे वय पाहतो आणि ‘८५ लाख’ असा आकडा लिहून जातो. कर्ज त्या आकड्यावर बेतले जाते आणि ७५चे ६८ लाख होते. शुल्क मात्र सरकारी दर किंवा कराराची किंमत यांपैकी जे अधिक त्यावरच द्यावयाचे. एका शेऱ्यासरशी तरुण नोकरदार जोडप्याने आणखी ७ लाख आणावयाचे कोठून? ते ‘कळवितो’ म्हणून जातात आणि पुन्हा कळवीत नाहीत. मालकाला वाटते, घर आवडले नाही. घर आवडले होते.

आता मालकाने १ कोटीचा आकडा कोठून काढला? बहुधा शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या मनोऱ्यावरून. तेथे चौरस फुटाला अमुक दर चालतो, मग आमच्याही गल्लीचा तोच, असे हे त्रैराशिक. नव्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, गाडीला जागा आहे आणि बँकांचे लोक विक्री कार्यालयातच कर्जाचे अर्ज भरून घेतात. शिवाय जुना मालक क्षेत्रफळ सांगतो ते भिंती, जिना, गच्ची धरून. नवा बिल्डर रेराखाली चटई क्षेत्राने विकतो. दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंची तुलना करून गिऱ्हाइकाला फसवावे असा मालकाचा हेतू नसतो. तो स्वतःच फसलेला असतो. वास्तविक जुन्या घराची खरी बाजू वेगळीच असते. चालू बांधकामाच्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर पडतो, फेरविक्रीच्या घरावर तो मुळीच नाही. ताबा आज मिळतो, पाच वर्षांनी नव्हे. आणि खोल्या खोल्यांसारख्या असतात. पण हे सांगण्याऐवजी मालक नव्या मनोऱ्याचा भाव सांगत बसतो.

खरा भाव कळत नाही ही तक्रारही आता फोल आहे. नोंदलेल्या प्रत्येक व्यवहाराचा सूची क्रमांक दोनचा उतारा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. आपल्याच इमारतीत गेल्या वर्षी कोणते घर किती रुपयांस विकले गेले, हे तासाभरात कळू शकते. गिऱ्हाईक ते पाहून येते. मालक पाहत नाही. आणि चढा भाव लावून सहा महिने थांबण्याची किंमत ‘थांबलो, एवढेच’ अशी नसते. पाटी जुनी झाली की घरालाच काही खोट आहे असा बोभाटा होतो. मग मालक उतरतो, तेव्हा सुरुवातीसच मिळाला असता त्याहूनही खाली त्यास उतरावे लागते.

तरीही सारा दोष भावाच्या माथी मारणे आम्हास मान्य नाही. पोटातली दोन कारणे याहून जड आहेत. त्यांतले एक म्हणजे इमारतीचे जीर्णत्व व तिची वैधता. वरळीच्या कॅम्पाकोला संकुलातील मंजुरीबाहेरचे मजले सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बेकायदा ठरविले, तेव्हा तेथील रहिवासी पाव शतकाहून अधिक काळ त्या घरांत संसार करीत होते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावरील दुरुस्तीत खांबांना हात लावला गेल्याचे त्यानंतर पुढे आले. या घटना वृत्तपत्रवाचक विसरले असतील, गिऱ्हाईक विसरलेले नाही. ते भोगवटा प्रमाणपत्र मागते, मंजूर नकाशा मागते, तीस वर्षांवरील इमारतीच्या मजबुतीचा अहवाल मागते. आणि यांपैकी एखादा कागद दफ्तरात नाही, हे चिटणीस मोठ्या निर्विकारपणे सांगतात. मालकाच्या हाती त्यात काही नसते. दिवाणखान्यास नवा रंग देऊन भोगवटा प्रमाणपत्राची उणीव भरून निघत नाही.

दुसरे कारण कागदांचेच, परंतु घराच्या आतले. १० डिसेंबर १९८५ पूर्वी ब्लॉकचे करारनामे पाच रुपयांच्या कागदावर होत आणि अनेकांची नोंदणीही होत नसे. आज घर विकावयाचे तर पहिल्या खरेदीपासूनची अखंड साखळी दाखवावी लागते. मधली एक कडी हरवली की बँकेचा वकील फाईल मिटून ठेवतो. डिसेंबर २०२३ पासून काही महिने राज्य सरकारने मुद्रांक शुल्काची अभय योजना चालविली, जुन्या दस्तांवरील थकित शुल्क व दंड यांत मोठी सूट दिली. जे त्या वेळी झोपले ते आता धावपळ करीत आहेत.

यजमान निवर्तलेले असतील तर गुंता वाढतो. ‘नॉमिनेशन माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझे’ हा समज सुशिक्षितांतही इतका घट्ट आहे की आश्चर्य वाटते. नामनिर्देशनाने संस्थेने कोणास सभासद धरावे एवढेच ठरते. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. २०१९ साली सहकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हे आणखी स्पष्ट केले आहे. अमेरिकेतला एक भाऊ, नाशिकची एक बहीण आणि न बोलणारा तिसरा भाऊ या सर्वांच्या सह्या झाल्याखेरीज शहाणे गिऱ्हाईक विसाराची रक्कम पुढे करीत नाही, आणि त्याने ती करूही नये.

पैसे कसे द्यावयाचे, याविषयीही बोलावयास हवे. कारण याबाबत सभ्य घरांतूनही कुजबुज चालते. किमतीचा काही भाग रोख द्या, असे सुचविणारा मालक ज्यांच्याजवळ पांढऱ्या पगारावाचून काहीच नाही अशा सर्व नोकरदारांना त्या एका वाक्याने दाराबाहेर काढतो. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने बंदी आहे आणि दंड घेणाऱ्यास, घेतलेल्या रकमेइतकाच. शिवाय भांडवली नफ्याचा कर वाचवावयाचा तर दुसरे घर विक्रीपासून दोन वर्षांत घेण्याची सोय कायद्यात आहेच. कर गिऱ्हाइकाच्या किमतीत मिसळून त्याच्याकडून वसूल करावयाचा, ही युक्ती चालत नाही.

मात्र ज्याविषयी आम्हास अधिक कठोर बोलावेसे वाटते ती गोष्ट गृहसंस्थांच्या कार्यकारी समित्यांची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने विक्रीची पंधरा दिवसांची सूचना द्यावयाची असते. समितीच्या ना-हरकतीची अट नाही. पण बँक ते पत्र मागते, आणि ते पत्र म्हणजे समितीच्या हातचे शस्त्र. हस्तांतरणाचा अधिमूल्य आकार २५ हजारांहून अधिक नसावा, असे सहकार खात्याने ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. तरी ‘स्वेच्छेची देणगी’ म्हणून त्याच्या कितीतरी पट रक्कम मागण्याची प्रथा सर्रास चालू आहे. स्वेच्छा कोणाची, हे विचारण्याची सोय नाही. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकाचे आडनाव, धर्म आणि ताटातले अन्न पाहून लिफ्टजवळच चालणारी नापसंती. अहमदाबादच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अशा निर्बंधास उपविधीपुरता आधार दिला, हे खरे. परंतु ज्यांच्या उपविधीत असे एक अक्षरही नाही त्या संस्थाही हा निर्बंध तोंडी चालवितात. यात अन्याय आहेच. शिवाय शेजारच्या वृद्ध जोडप्याच्या घराची गिऱ्हाइके आपण निम्म्याने कमी करीत आहो, याचे भान या शुचिर्भूत मंडळींना असत नाही.

पुनर्विकासाच्या आशेने तर दोन्ही पक्षांना घोळात घातले आहे. मालक उद्याच्या वाढीव क्षेत्राचा भाव आज मागतो. गिऱ्हाइकास आज फक्त जुन्या भिंती दिसतात आणि गोरेगावच्या पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घराबाहेर काढलेली वर्षे आठवतात. बिल्डरची निवड होऊन करार व्हावयाचा असेल त्या मधल्या काळात तर बँका अशा घरावर कर्ज द्यावयास नाखूष असतात. ही मधली अवस्था दहा-दहा वर्षे चालते.

आणि या सर्वांच्या तळाशी जमीन आहे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने बिल्डरने संस्था स्थापन झाल्यावर जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावयाचे होते. असंख्य बिल्डरांनी ते केले नाही. पुढे चटई निर्देशांक वाढेल, ही दूरदृष्टी. २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली, म्हणजे बिल्डर सही करीत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेच्या नावे करून घेता येते. तरीही आज कित्येक संस्थांच्या पायाखालची भूमी कागदोपत्री दुसऱ्याचीच आहे. अर्जासाठी लागणारे मूळ नकाशे बिल्डरकडे, नगर भूमापनाचा उतारा अपुरा, आणि सभासदांपैकी निम्मे खर्चाला तयार नाहीत. जमीन नावावर नसलेल्या संस्थेतील ब्लॉक विकत घेणे म्हणजे लोंबकळती भिंत विकत घेणे, हे गिऱ्हाईक आता ओळखून आहे. सरकारला जुन्या वसाहतींतील वृद्धांचे खरोखर काही हित साधावयाचे असेल, तर शुल्कात टक्का-अर्धा टक्का सूट देण्याआधी सहकार खाते, नगर भूमापन आणि महापालिका यांनी आपल्या दफ्तरांतील कागद अर्जदारास मागावयास न लावता एकमेकांकडून मागवून घ्यावेत. आणि अर्जाचा निकाल कायद्याने नेमलेल्या मुदतीत लावावा.

संस्थांनी मात्र तेवढ्यासाठी थांबू नये. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेत उपाहाराच्या पदार्थांवर आणि वाहनांच्या जागेवर दोन तास खर्च होतात, हा सर्वांचा अनुभव आहे. या वर्षी विषयपत्रिकेवर पहिला विषय अभिहस्तांतरणाचा, दुसरा भोगवटा प्रमाणपत्राचा आणि तिसरा मजबुतीच्या तपासणीचा ठेवावा, आणि तो ठेवावा असे पत्र समितीस आजच द्यावे. ज्यांना घर विकावयाचे आहे त्यांनी तर द्यावेच. पण ज्यांना आज विकावयाचे नाही त्यांनी आधी द्यावे.