पेढीवरील संगणकाची दुरुस्ती : एक आवश्यक कर्तव्य



एके काळी कीर्द-खतावणीस जो मान होता, तो आज पेढीवरील संगणकास प्राप्त झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालेला माल कोगनोळीनजीक राज्याची हद्द ओलांडतो. त्याचे कागद संगणकातूनच निघावे लागतात. तेव्हा हे यंत्र ऐन बाजारात अडून बसले, तर गाडी दारात उभी राहते, हे निराळे सांगावयास नको.

पुष्कळ पेढ्यांवर एक तक्रार ऐकू येते. सकाळी चपळ असलेला संगणक दुपारी मंदावतो आणि सायंकाळी ‘मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन थांबतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की काम चालू होते. मग दिवाणजी यंत्र जुने झाले म्हणतात आणि मालक नवी रॅम विकत घेतात. परंतु दोष पुष्कळदा निराळ्याच ठिकाणी असतो.

डेटाबेस हे नोंदींचे कोठार होय. हिशेबाचा प्रोग्राम व हे कोठार यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा मध्यस्थ असतो. कोठारातून माल आणणाऱ्या हमालाने रिकामी पोती दुकानातच टाकावयास आरंभ केला, तर सायंकाळपर्यंत उभे राहावयास जागा उरणार नाही. तद्वत् सदोष ड्रायव्हर प्रत्येक नोंदीसाठी थोडी मेमरी घेतो आणि ती परत करीत नाही. दुकान मोठे केल्याने ही खोड जात नाही. शिवाय जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रामास विंडोजमध्ये सामान्यतः २ जीबीच जागा वापरता येते. त्यापुढे घातलेली रॅम त्याच्या उपयोगी पडत नाही. खरा उपाय एकच : ड्रायव्हर तयार करणाऱ्या कंपनीने दिलेला दुरुस्तीचा ‘पॅच’ लावणे.

हा दोष क्षुल्लक मानू नये. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९२ साली प्रत्येक गाडी रवाना होताना सर्व्हरची थोडी मेमरी अडकून राहत असे. सुमारे तीन आठवड्यांत ती भरली आणि ४ नोव्हेंबर रोजी सारी यंत्रणा बंद पडली. तेथे दोष ड्रायव्हरचा नव्हता; परंतु घेतलेली मेमरी परत न करण्याची खोड तीच होती.

‘चालत्या यंत्रास हात लावू नये’, असे काही बंधू म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. परंतु यावरून दुरुस्ती टाळावी असा बोध निघत नाही. ती पारखून करावी, एवढाच निघतो.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. प्रथम हिशेबाची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी व ती उघडते की नाही, हे पाहावे. पॅच मूळ कंपनीकडूनच घ्यावा. ३२ व ६४ बिटांचा मेळ तपासावा. आधी एका संगणकावर लावून काही दिवस मेमरीचा वापर पाहावा, मग इतरांवर लावावा. मासिक विवरणपत्रांच्या ११ व २० तारखांच्या धामधुमीत हे काम काढू नये. लावलेल्या पॅचची तारीख व क्रमांक वहीत टिपून ठेवावा. पॅचनंतरही मेमरी आटत राहिली, तर दोष हिशेबाच्या प्रोग्रामातच असू शकतो. तेव्हा त्याच्या विक्रेत्यास जाब विचारावा.

मोठ्या पेढीस यासाठी माणूस ठेवता येतो, लहान दुकानदारास ते परवडत नाही. आपल्या संघाने बेळगाव व निपाणी येथील सभासदांसाठी एखादा जाणता तंत्रज्ञ सामाईक नेमावा, अशी नम्र सूचना आहे. थकलेल्या उधारीची आठवण आपण वेळेवर काढतो. संगणकाने अडकवून ठेवलेल्या मेमरीची वसुलीही तितक्याच तत्परतेने व्हावयास हवी.