प्रवासाआधीचा प्रवास

सदुसष्ट वर्षांच्या वडिलांना दिवाळीनंतर मोटरसायकलवरून पुण्याहून पणजीला जायचे आहे. मधुमेह आहे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे. अडवावे की जाऊ द्यावे, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. हा प्रश्न धाकाने सुटत नाही आणि हट्टानेही नाही. प्रथम डॉक्टरांची संमती घ्यावी आणि मग वेळापत्रकाचीच परीक्षा घ्यावी.

बेत दोन दिवसांचा आहे. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे पणजी. कागदावर हे सोपे दिसते, कारण कागदाला पाठ दुखत नाही. म्हणून एखाद्या रविवारी पुणे ते सातारा जाऊन परत यावे. हे अंतर कोल्हापूरच्या पहिल्या टप्प्याच्या जवळपास भरते आणि वाटेत खंबाटकीचा घाटही लागतो. सामान, शिरस्त्राण, पोशाख सारे प्रत्यक्ष प्रवासातलेच असावे.

दर तासाभराने थांबावे, पाच-दहा मिनिटे चालावे. प्रत्येक थांब्यावर वहीत चार गोष्टी लिहाव्यात: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, किती पाणी प्यायलो आणि शरीराची तक्रार. हाताला मुंग्या, मान आखडणे, पायांना सूज, डोळ्यांवर झापड, काहीही क्षुल्लक मानू नये. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी टाळणे हा ज्येष्ठांचा नेहमीचा प्रमाद. त्याऐवजी थांबे वाढवावेत. गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारावे, ती परस्पर बंद करू नये.

मधुमेहींनी निघण्यापूर्वी आणि वाटेत रक्तातील साखर तपासावी. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटताच गाडी बाजूला घ्यावी, तीन चमचे साखर वा ग्लुकोज घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास तरी गाडी चालवू नये. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या डिकीत ठेवू नये.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी असते. थकवा साठत जातो. म्हणून सोमवारी पुन्हा शंभरेक किलोमीटर चालवून पाहावे. अंग जड असेल, प्रतिसाद मंदावला असेल, तर दमलेल्या शरीराने आंबोलीचा घाट उतरणे धोक्याचे, हे वहीच सांगेल. मग आंबोलीला एक मुक्काम वाढवावा. तीन दिवसांचा प्रवास म्हणजे पराभव नव्हे. थांब्यांवर गेलेला वेळ वेग वाढवून भरून काढायचा नाही आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठायचा, हे दोन नियम मात्र अबाधित ठेवावेत.

घरच्यांनीही आपली तालीम करावी. फोन ठरलेल्या थांब्यावरूनच यावा. गाडी चालू असताना आपण करू नये. निरोपाला किती उशीर झाला की शोध सुरू करायचा, हे आधीच ठरवावे.

आणि ताई, दोन्ही दिवसांनंतर ती वही वडिलांनाच वाचायला द्या. मुलीचा नकार त्यांना बोचेल. स्वतःच्या अक्षरातली नोंद ते मान्य करतील. जमत नाही असे तीच सांगत असेल, तर रेल्वेने जावे. आणि जमते आहे असे दिसले, तर निरोप देताना मनात किंतु ठेवू नका.