दुर्बिणीचे ऑपरेशन कोणासाठी?

उलव्याच्या उंच इमारतींमागे पत्र्याच्या घरांची जी वस्ती आहे, तिथली एक ताई गेल्या पावसाळ्यात सोनोग्राफीचा कागद घेऊन आमच्याकडे आली. चार घरची धुणीभांडी करते, नवरा नाक्यावरचा बिगारी. वडा-भजी खाल्ली की उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पाठीत आणि खांद्यापर्यंत जायची. सहा महिने ती ॲसिडिटीच्या गोळ्या खात होती. मग कुणीतरी पानफुटीची पाने खायला सांगितली, तीही खाल्ली. कागदावर लिहिले होते : पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले होते, दुर्बिणीने पित्ताशय काढू. ताईचे म्हणणे एकच, "दुर्बीण नको, सिस्टर. पोट कापूनच काढा म्हणावं. छिद्रातून निम्मं काढतात नि निम्मं आतच राहतं. आणि ते पैशावाल्यांचं ऑपरेशन आहे."

पानफुटीचे आधी सांगतो. मुतखडा मूत्रपिंडात होतो आणि लहान असेल तर लघवीवाटे पडतो. पित्ताशयातला खडा वेगळा. तो लघवीवाटे पडायला तिथे वाटच नाही.

आता ते 'पैशावाल्यांचे' ऑपरेशन. भारतात दुर्बिणीने पित्ताशय पहिल्यांदा काढले गेले ते १९९० साली, आणि तेही भायखळ्याच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. करणारे डॉ. तेहमटन उडवाडिया. ते १९७२ पासून तिथे पोटात दुर्बीण घालून रोगनिदान करत होते. पोटात पाणी झालेल्या गरीब रुग्णाला क्षय आहे की कर्करोग, हे बघायला त्या काळी अख्खे पोट उघडावे लागे. दुर्बिणीने ते एका छिद्रातून दिसू लागले. तरी गरीब देशाला हे थेर कशाला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. उडवाडियांचे म्हणणे उलटे होते : याची खरी गरज गरिबालाच, कारण तो कामावर लवकर परतला नाही तर त्याची चूल पेटत नाही. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २०२३ च्या जानेवारीत ते गेले. म्हणजे ज्या ऑपरेशनला आपली वस्ती पैशावाल्यांचे म्हणते, ते या देशात सरकारी खाटेवरच्या रुग्णासाठी सुरू झाले. ते आपल्यापासून लांब कधी गेले आणि 'पॅकेज' कधी झाले, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

या ऑपरेशनात होते काय? रुग्णाला पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ छोटा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने पोट तंबूसारखे वर उचलले जाते आणि आत हात चालवायला जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा, बाकी दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे. छिद्रे अर्ध्या ते एक सेंटिमीटरची. आतले सारे समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते, उघड्या पोटात दिसते त्याहून स्पष्ट. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून बंद करतात, पिशवी सोडवून छिद्रातून बाहेर काढतात. निम्मे आत राहत नाही. क्वचित पित्ताशय फारच चिकटलेले असेल तर सर्जन धोका टाळायला थोडा भाग जाणूनबुजून ठेवतात, पण ते तसे सांगतात आणि कागदावर लिहितात. काढलेले खडे नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. दाखवले नाहीत तर मागून बघावेत, त्यात लाज नाही.

शुद्धीवर आल्यावर खांदा दुखतो. "पोटाचं ऑपरेशन केलं नि खांद्याला काय केलं?" असे वॉर्डात आम्हाला शंभरदा विचारले गेले. उरलेल्या वायूने श्वासपटल चाळवते आणि ती कळ खांद्यात जाणवते. उठून चालायला लागले की दोन-तीन दिवसांत जाते.

फायदा खरा किती? जगभरातल्या ३८ अभ्यासांतले २,३३८ रुग्ण एकत्र तपासून २००६ साली कॉक्रेन या संस्थेने निष्कर्ष काढला. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या तुलनेत रुग्णालयातला मुक्काम सुमारे ३ दिवसांनी कमी आणि पूर्ण बरे व्हायचा काळ सुमारे ३ आठवड्यांनी कमी. रोजंदारीवरच्या माणसाला ३ आठवडे म्हणजे काय, ते या पानाच्या वाचकाला सांगायला नको. पण त्याच तपासणीत असेही दिसले की गुंतागुंत आणि मृत्यू यांत दोन पद्धतींत मोठा फरक नाही. छिद्र लहान असते, आतले ऑपरेशन तेवढेच मोठे असते. आमच्या वस्तीत हे वाक्य कुणी सांगत नाही, आणि जाहिरातीत तर ते नसतेच.

म्हणून आधी विचारायचा प्रश्न : ऑपरेशन लागतेच का? दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. गर्भपिशवीचेही तेच. ती आता दुर्बिणीने काढतात, पण सोपे झाले म्हणून ते गरजेचे होत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. उलव्यात तिकडून आलेली घरे कमी नाहीत.

सही करताना दुसरा प्रश्न : मध्येच पोट उघडावे लागले तर? सूज फार असली, आतले नीट दिसेना, रक्त थांबेना, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. संमतीपत्रात ते लिहिलेले असते, फक्त कुणी वाचून दाखवत नाही. मग ऑपरेशन थिएटरबाहेर भाऊबंद डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात. आम्ही असे दोन प्रसंग पाहिले. दोन्ही वेळा सर्जनचे बरोबर होते. वेळेवर पोट उघडणारा सर्जन चांगला, हट्टाने दुर्बिणीतूनच रेटणारा नव्हे. पित्ताची मुख्य नळी कापली जाण्याचा धोका अशा रेटण्यातच असतो, आणि ती कापली गेली तर रुग्णाचे वर्ष-वर्ष रुग्णालयात जाते.

वयाने मोठ्या मावश्यांची भीती मात्र वेगळी, आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या तोंडी 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणजे कुटुंबनियोजनाचे शिबिर. शाळेच्या खोलीत ओळीने झोपवलेल्या बाया. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ अशाच शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायांची नसबंदी केली, पुढच्या दिवसांत १३ जणी गेल्या. त्यांत दलित, आदिवासी, मागास घरांतल्या बाया होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे ३ वर्षांत बंद करायला सांगितले. दोष दुर्बिणीचा नव्हता. गरिबाच्या शरीराची गिनती आकड्यात करणाऱ्या घाईचा होता.

घाईत काय बिघडते, हे नर्सला ठाऊक असते. कॅमेऱ्याच्या नाजूक दुर्बिणी बऱ्याच ठिकाणी वाफेत घालत नाहीत, द्रावणात बुडवून ठेवतात. ग्लुटाराल्डिहाइड असेल तर किमान २० मिनिटे. रांग लांब असली की ती २० मिनिटे पहिली कापली जातात. हत्यारे नळाच्या पाण्याने धुतली तर आणखी एक त्रास होतो. जखम भरते, टाके निघतात, आणि तीन-चार आठवड्यांनी छिद्रापाशी गाठ येते, पाण्यासारखे वाहू लागते. साध्या अँटिबायोटिकने ते थांबत नाही. हे क्षयरोगाच्या जंतूच्या जातकुळीतले जंतू असतात, तपासणी करून काही महिने औषध घ्यावे लागते. गल्लीतल्या दवाखान्यात रोज पट्टी बदलत बसू नका. जिथे ऑपरेशन झाले तिथे जा.

आणि घरी आल्यावरचा एकच नियम : कालच्यापेक्षा आज बरे वाटले पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे उलट वाढले, ताप आला, पोट फुगले, उलट्या लागल्या, वारा सरेना, डोळे पिवळे दिसले, तर रात्र असो की सणवार, रुग्णालय गाठायचे. आमच्या वॉर्डात चौथ्या दिवशी पिवळे डोळे घेऊन परतलेल्या बाईचा नवरा म्हणाला होता, "एवढंसं छिद्र, म्हटलं काय होतंय." तिला दोन दिवस आधीपासून दुखत होते. ती भांडी घासत होती.

इथे आमचे खरे भांडण आहे. ३ आठवडे वाचले हे खरे, पण उरलेला आठवडा-दोन आठवडे तरी घरी लागतातच, आणि पाण्याचा हंडा, भिजल्या कपड्यांची बादली महिनाभर उचलायची नाही. घरकाम करणाऱ्या बाईला ही रजा कोण देते? आठव्या दिवशी दुसरी बाई लावलेली असते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूती रजेची बाजू घेतली. विश्रांतीच्या दिवसांचा पैसा मालकाने आणि सरकारने उचलावा, हा त्यातला मुद्दा. ऑपरेशनच्या रजेलाही तोच न्याय लागतो. सेक्टरमधल्या सोसायट्यांत आम्ही हे मांडले. काही घरांनी पंधरा दिवसांचा पगार दिला. बहुतेकांनी दार लावले.

राहिला रुग्णालयाचा प्रश्न. उलवे नवी मुंबई महापालिकेत नाही आणि पनवेल महापालिकेतही नाही. शेजारी विमानतळ झाला, २०२४ च्या जानेवारीत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाला. गाडी असलेला माणूस थोड्या वेळात शिवडीला पोचतो. आमच्या ताईला मात्र बामणडोंगरीहून नेरूळ, तिथून गाडी बदलून सँडहर्स्ट रोड, मग जे. जे. मोठे कर्जदेखील न काढता तिथे दुर्बिणीने ऑपरेशन झाले. तिसऱ्या दिवशी घरी आली, सतराव्या दिवशी कामावर गेली. चारपैकी दोन घरे सुटली. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात असे ऑपरेशन नियमित व्हावे, त्यासाठी शिकलेला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटरची नर्स कायम नेमलेली असावी, अशी आमची मागणी आहे. नुसते यंत्र नको. यंत्रे धूळ खाताना आम्ही पाहिली आहेत.

कागदाचे असे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपले ऑपरेशन त्यात बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे तिथल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारावे, आणि आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातच असतो. रेशनकार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा मूळ कागद घेऊन या. मोबाईलवरचा फोटो चालत नाही, परत पाठवतात.