तलवार आहे, पण वार नाही

ही-मॅनने आपली तलवार कधी कुणाच्या अंगावर चालवल्याचे आठवते का? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' पाहिलेल्यांनी जरा डोक्याला ताण द्यावा. त्या तलवारीने तो किरणांचे झोत परतवून लावी, कडे फोडी, यंत्रमानवांचा चुराडा करी. जिवंत शत्रूला मात्र उचलून चिखलात फेकून देई. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवर तेव्हा बारीक नजर असे. त्यामुळे फिल्मेशन स्टुडिओने १९८३ ते १९८५ या काळात १३० भाग काढले ते हे पथ्य सांभाळूनच. शेवटी एखादे पात्र पडद्यावर येऊन आजच्या गोष्टीतून काय घ्यायचे, तेही सांगून जाई.

आता याच ही-मॅनचा रोलप्लेइंग गेम करायचा, तर? मोबाइलवरचा नव्हे, चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. एक जण गेम मास्टर होतो आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार फोडतो', 'मी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवते' असे सांगत गोष्ट पुढे नेतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे आणि पडेल ते दान मुकाट्याने घ्यायचे. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो युद्धखेळांच्या पोटी जन्मला, म्हणून त्याच्या नियमांचा मोठा भाग वार, जखमा आणि मरण यांच्या हिशेबात खर्च होतो. तेच नियम ही-मॅनला लावले की पहिल्याच संध्याकाळी त्याचा वैरी स्केलेटॉर आडवा. नाव ही-मॅनचे, खेळ दुसऱ्याच कुणाचा.

लहानपणीच्या कार्टूनांवरून असे गेम काढण्याची सध्या चलती आहे. तेव्हाची मुले आता कमावती झाली आहेत आणि जुने चित्र दिसले की त्यांचा हात खिशाकडे जातो, हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. पण पुस्तक विकले जाणे वेगळे आणि खेळ रंगणे वेगळे. प्रत्येक कार्टूनचा एक न लिहिलेला कायदा असतो: कोण मरू शकतो, कोणाला माफी मिळते, कशाची शिक्षा होते. तो कायदा फाशांपर्यंत पोहोचवला नाही, तर हाती उरते ते जाडजूड, रंगीत, महागडे चित्रांचे पुस्तक.

याचा सर्वांत गमतीदार दाखला खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चाच आहे. १९८३ साली सीबीएस वाहिनीवर या खेळाचे कार्टून सुरू झाले. जत्रेतल्या पाळण्यात बसलेली सहा मुले एका जादुई जगात जाऊन पडतात आणि घरी परतण्याची वाट शोधत राहतात. त्यांना मिळालेली हत्यारे पाहावीत: हँकच्या धनुष्यातून प्रकाशाचे बाण सुटतात आणि बहुतेक वेळा ते शत्रूला जखडून ठेवतात, शीलाकडे अदृश्य करणारा झगा, एरिककडे ढाल, प्रेस्टोकडे टोपी, जिच्यातून हवे ते सोडून भलतेच काहीतरी निघते. सगळा भर पळण्यावर, चकवण्यावर आणि एकमेकांना सावरण्यावर.

हे पाहून भारावलेल्या एखाद्या मुलाने त्याच वर्षी निघालेला या खेळाचा लाल खोका विकत आणला असता, तर? त्यातल्या नियमांनुसार पहिल्या पायरीवरच्या जादूगाराचे प्राण चार बाजूंच्या एका फाशावर ठरत; म्हणजे सहसा फार तर चार. साध्या गॉब्लिनचा एक फटका एक ते सहापर्यंत कितीही लागू शकतो. शून्य झाले की पात्र मेले. वर लढाईपेक्षा अनुभवाचे गुण जास्त मिळत ते लुटून आणलेल्या सोन्याचे. टीव्हीवर दर शनिवारी हातून घोळ होऊनही सुखरूप सुटणारा प्रेस्टो टेबलावर दुसऱ्या खोलीतच गारद व्हायचा. खेळ आणि कार्टून एकाच घरचे, पण दोघांचे धर्म वेगळे. पुढे २००६ मध्ये या मालिकेची डीव्हीडी निघाली, तेव्हा तिच्यासोबत या मुलांना खेळाच्या तेव्हाच्या नियमांत बसवणारी एक पुस्तिकाही होती. आकडे सगळे होते. भित्र्या, कुरकुऱ्या एरिकने ऐन वेळी ढाल घेऊन पुढे यावे यासाठी मात्र त्या आकड्यांत काहीच नव्हते, आणि मालिकेची अर्धी मजा तर तिथेच होती.

कार्टूनचा कायदा नियमांत आणता येतो, हे त्याआधीच सिद्ध झाले होते. १९८४ मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने 'टून' काढला. तो कुठल्या एका मालिकेवर बेतलेला नव्हता, पाठलाग आणि आदळआपटीच्या एकूण कार्टून-जगावरच होता. त्यात पात्र मरत नाही. सगळे गुण संपले की ते 'पडते', खेळाडूने तीन मिनिटे गप्प बसायचे आणि मग पात्र ठणठणीत होऊन परत. एवढ्या एका नियमाने टेबलावरची माणसे बदलतात: जो एरवी दार उघडण्याआधी दहादा विचार करील, तो इथे आपणहून कड्यावरून उडी मारतो.

अलीकडचे सर्वांत मोठे नाव अर्थातच 'अवतार लेजंड्स'. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही निकलोडियनची २००५ ते २००८ मधली मालिका, तिच्यावरच्या या खेळासाठी मॅगपाय गेम्सने ऑगस्ट २०२१ मध्ये किकस्टार्टरवर ५० हजार डॉलर मागितले आणि ८१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ९५ लाख डॉलर दिले. एवढी रक्कम नॉस्टॅल्जियाची, यात वाद नाही. पण आत काय आहे ते पाहिले, तर निर्मात्यांनी मालिका नीट पाहिली आहे हे कबूल करावे लागते.

'अवतार'मध्ये पाणी, माती, आग आणि हवा यांवर हुकमत असलेले योद्धे आहेत. पण मालिकेचा जीव माणसाच्या मनाच्या तोलात आहे. दुसऱ्या पर्वात गुरू पथिक नावाचा म्हातारा मालिकेच्या नायकाला, आंगला, कांदा-केळ्याचा रस पाजतो आणि सात चक्रे उघडायला शिकवतो. भीती, अपराधीपणा, शरम, दुःख एकेक करून सोडवल्याशिवाय शक्ती हाती येणार नाही, असे त्याचे म्हणणे. खेळाने हेच धरले आहे. पात्राच्या कागदावर प्राणांचा आकडा नाही. त्याऐवजी आहेत थकवा आणि पाच मनोवस्था: भय, राग, अपराधीपणा, असुरक्षितता, अस्वस्थता. शिवाय प्रत्येक पात्राला दोन तत्त्वांमध्ये ओढणारा एक तराजू. वारसदाराचे पात्र घेतले तर एका बाजूला परंपरा आणि दुसरीकडे प्रगती. पाठीराख्याचे घेतले तर स्वावलंबन आणि विश्वास.

समजा, एक खेळाडू अशी वारसदार झाली आहे आणि तिच्या घराण्याने बुडवलेल्या गावात उभी आहे. समोरचा जुना कारभारी हत्यार काढत नाही. एवढेच विचारतो, 'तुझ्या आजोबांची मान आज कुणामुळे खाली गेली?' हा इथे हल्ला आहे. गेम मास्टर तिचा तराजू परंपरेकडे झुकवू पाहतो आणि ती त्याला विरोध करायला दोन फासे टाकते. दहा किंवा जास्त आले तर ती त्याला खोटे पाडू शकते, वर त्याचे स्वतःचे तत्त्वही ओळखू शकते. सात ते नऊ आले तर यातले एकच साधते. सहा किंवा कमी आले, तर वाक्य वर्मी लागले: एक मनोवस्था तिला चिकटते आणि तराजू दुप्पट झुकतो. धीर देणे, समजूत घालणे यासाठीही या खेळात लढाईइतकाच मानाचा, फाशांसकटचा नियम आहे. मालिकेतल्या झुकोचा समजूतदार काका आयरो ज्यांना आवडतो, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

मारामारीचे नियम मात्र याच पुस्तकात बोजड झाले आहेत. आधी पवित्रा निवडा, मग तंत्रे निवडा, मग थकव्याचे हिशेब जुळवा. पडद्यावर जे चपळ वाटते ते इथे रेंगाळते. तरी एक निर्णय शहाणपणाचा: आंग किंवा काटारा होऊन खेळा असे पुस्तक सुचवत नाही. ते अवतार क्योशीपासून अवतार कोरापर्यंतचे पाच काळ देते आणि आपापली पात्रे घडवा म्हणते. ज्याचा शेवट सगळ्यांना पाठ आहे, त्या गोष्टीत फासे टाकण्यात काय हशील?

याच्या अगदी उलट वाट हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या ब्रँडांची. 'माय लिटल पोनी'वर इंग्लंडच्या रिव्हर हॉर्सने २०१७ मध्ये 'टेल्स ऑफ इक्वेस्ट्रिया' काढला होता. त्यात मैत्रीची टोकने मिळत आणि अडल्या वेळी ती खर्चून फासे पुन्हा टाकता येत. साधे, लहान मुलांना कळेल असे, आणि मालिकेच्या स्वभावाला धरून. नंतर परवाना रेनेगेड गेम स्टुडिओजकडे गेला आणि पोनी, जी.आय. जो, ट्रान्सफॉर्मर्स, पॉवर रेंजर्स असे सगळे एकाच नियमपद्धतीत बसवले गेले. एकाच मापाचा गणवेश साऱ्या शाळेला, तसे हे झाले. दुकानदाराला आणि कंपनीला सोय आहे, हे खरे. पण सैनिकाला आणि शिंगराला एकाच चौकटीत तोलले, की शिंगराचे वेगळेपण उरते ते फक्त चित्रात.

ही-मॅनचे काय झाले? १९८५ मध्ये फासा कंपनीने त्याच्यावर गेम काढला होता. २०२१ मध्ये नव्या खेळाची घोषणा झाली, पण पुस्तक आलेच नाही. परवान्यांच्या धंद्यात हे नेहमीचे. खेळणाऱ्यांनी त्यासाठी अडून बसू नये. कंपनीच्या हाती आठवण पडली की तिचे काय होईल सांगता येत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मालिका २७ भागांनंतर बंद पडली आणि मायकेल रीव्ह्ज यांनी लिहिलेला समारोपाचा भाग निघालाच नाही. ब्राझीलमध्ये ही मालिका अफाट लोकप्रिय. तिथे २०१९ मध्ये रेनॉने खरे नटनट्या घेऊन ही पात्रे उभी केली, ती आपल्याकडेही धावणाऱ्या क्विड गाडीच्या जाहिरातीसाठी.

आपल्याकडेही आठवणींना तोटा नाही. युगो साको यांचा १९९३ चा 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम' हा भारत-जपानचा ॲनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये थिएटरांत पुन्हा लागला आणि त्यावर वाढलेली पिढी आपली मुले घेऊन गेली. त्याचा गेम कुणी करायला घेतला, तर राम, लक्ष्मण, हनुमान वाटून घेण्याचा मोह पहिला होईल, आणि तो टाळलेला बरा. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात सुग्रीव सीतेच्या शोधासाठी चारही दिशांना वानर पाठवतो: पूर्वेला विनत, पश्चिमेला सुषेण, उत्तरेला शतबली आणि दक्षिणेला अंगद-हनुमान. मुदत एक महिन्याची, उशीर करील त्याला देहदंड. गोष्ट पुढे जाते ती दक्षिणेच्या तुकडीबरोबर. बाकीच्या तिन्ही हात हलवत परत आल्या, एवढेच कळते. त्या महिन्यात उत्तरेच्या बर्फात शतबलीच्या टोळीवर काय काय गुदरले, दिवस संपत आले तेव्हा कोण परत फिरूया म्हणाले आणि कोण अजून एक डोंगर पाहू म्हणाले, हे पाच जण आणि दोन फासे मिळून ठरवू शकतात.