तिरोडीचे रक्त आणि दिल्लीचा नियम

तिरोडीच्या भूमीच्या पोटात मँगनीज किती, याचा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला. त्या भूमीवर राहणाऱ्यांच्या रक्तात काय आहे, याची चौकशी मात्र फार उशिरा सुरू झाली. बालाघाटसारख्या जिल्ह्यांतील गोंड व इतर समाजांत सिकलसेल हा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी याच राज्यातील शहडोल येथून निघाली.

मोहीम स्वागतार्हच आहे. पण औषधे कोणावर पारखलेली? औषध-चाचण्यांविषयीच्या 2019 च्या केंद्रीय नियमांतील 75 वा नियम परदेशी मान्यताप्राप्त औषधास येथील चाचणीतून सूट देऊ शकतो. त्याची एक अट अशी की, भारतीयांत परिणाम निराळा होण्याचा पुरावा वा संभव उपलब्ध ज्ञानानुसार नसावा. वाचकहो, ज्यांना कोणी तपासलेच नाही, त्यांच्याविषयी पुरावा येणार कोठून? ऑगस्ट 2024 च्या आदेशाने तर जनुकोपचारांनाही या सुटीचे दार उघडले.

भेद काल्पनिक नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे प्रमुख औषध. अमेरिकेत मुलांना वजनाच्या दर किलोस रोज 20 मिलिग्रॅमने आरंभ करतात. नागपूरच्या डॉक्टरांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 10 मिलिग्रॅमनेही गुण आला. येथली मुले तपासली, म्हणूनच हे कळले.

आदिवासींना प्रयोगाचे प्राणी करू नका, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. 2009 मध्ये खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत सुरू झालेल्या लस-प्रकल्पात मुलींच्या संमतीची कशी हेळसांड झाली, हे संसदीय समितीने 2013 साली उघड केले. परंतु त्यावरचा उपाय खरी संमती हा आहे, बहिष्कार नव्हे. अमेरिकेने 1993 सालीच सरकारी खर्चाच्या संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य समाज यांचा समावेश कायद्याने आवश्यक केला.

आमची मागणी तीन कलमांची आहे. सूट मागणाऱ्याने कोणत्या समाजाचे किती रुग्ण तपासले, ते जाहीर करावे. सिकलसेलच्या औषधास सूट मिळालीच, तर विक्रीनंतरची चाचणी रोगग्रस्त जिल्ह्यांत सक्तीची असावी. आणि संमती गोंडीत, रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत, समजावून घेतली जावी.

औषध गोंड मुलाच्या हाती द्यायचे, पण त्याची मात्रा ठरवताना त्याला मोजायचे नाही, याला कायदा म्हणता येईल. न्याय म्हणता येणार नाही.