सीपीयू बाल्कनीत ठेव

कराडहून भाच्याचा फोन आला. "मामा, सत्तर हजार साठलेत. गाणी करायला लॅपटॉप घेऊ का डेस्कटॉप?" पोरगा ढोलकी बरी वाजवतो, कॉलेजांच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत करून देतो. मी म्हटलं, "गाणारे तुझ्याकडे येतात, का तू त्यांच्याकडे जातोस?" तो गप्प. बहुतेक प्रोसेसरवर चर्चा होईल अशा तयारीत असावा.

मी स्वतः सहा वर्षं लॅपटॉपवर काढली. दहा बाय दहाची खोली, एक माइक, खिडकीला गोधडी. एकदा गाणाऱ्या बाई मंद्रात हळूच उतरल्या आणि त्याच क्षणी लॅपटॉपचा पंखा सुटला. तेव्हा वाटलं, चालेल. पण मिक्स करताना कॉम्प्रेसर लावला, की हळू आवाज वर उचलला जातो, आणि त्याचं बोट धरून पंखाही वर येतो. सूर सुंदर, मागे पिठाची गिरणी. दुसरं दुखणं चार्जरचं. इमारत जुनी, अर्थिंग नावापुरतं. चार्जर लावला की स्पीकरमध्ये बारीक गुणगुण, काढला की गप्प. म्हणून बॅटरीवर रेकॉर्डिंग करायला गेलो, तर वीज वाचवायला यंत्रच मंदावलं आणि आवाज तडतडायला लागला.

तडतड थांबवायला बफर, म्हणजे यंत्र एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतं तो, वाढवायचा, हा सगळ्यांचा उपाय. त्याची किंमत कानाला मोजावी लागते. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. १०२४ केला की २३. आवाज आत येताना एकदा आणि हेडफोनमध्ये परत जाताना एकदा, म्हणजे ४६. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, तेव्हा हिशेब करा: स्वतःची ढोलकी पंधरा मीटरवरून, नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून ऐकू आल्यासारखी. लय सांभाळून दाखवा! मिक्स करताना बफर वाढवला तर काही बिघडत नाही, वाजवताना मात्र तो कमीच हवा. आणि कमी बफरवर दहा-बारा प्लगइन तासन्‌तास पेलायची, तर यंत्र थंड राहिलं पाहिजे. तापलेला लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतो. मॅकबुक एअरला पंखाच नाही, शांततेसाठी उत्तम. पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही, घेताना घ्याल तीच.

डेस्कटॉपचे पंखे मोठे, सावकाश फिरणारे. त्याहून मोठी सोय म्हणजे अख्खा सीपीयू खोलीबाहेर काढता येतो. माझा बाल्कनीत आहे, पावसापासून आडोशाला. मॉनिटर, कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस आत. साधी यूएसबी केबल पाच मीटरपर्यंत चालते, तेवढी पुरली. रॅम आठाची सोळा केली, दुसरी डिस्क टाकली, ते अर्ध्या तासात, स्क्रू-ड्रायव्हरने.

लाइटचं काय? पहिल्याच महिन्यात पेटीचा एक अप्रतिम टेक लाइटबरोबर गेला. पेटीवाले काका काही बोलले नाहीत, नुसता भाता बंद केला. दुसऱ्या दिवशी यूपीएस आणला. लाइट गेली की तो टीं-टीं करतो, आणि ते टीं-टीं माइकमध्ये स्पष्ट येतं. म्हणून तोही बाल्कनीत.

गावोगाव फिरून भजनी मंडळं रेकॉर्ड करणाऱ्याला, नाटकाच्या प्रयोगाला विंगेतून संगीत सोडणाऱ्याला मी डेस्कटॉप सांगणार नाही. त्याला लॅपटॉपच हवा.

रविवारी भाच्याचा परत फोन. "मामा, गाणारे आमच्याच माडीवर येतात." मग डेस्कटॉप घे, म्हटलं. पंचेचाळीस हजार त्यावर, पाच यूपीएसवर, उरलेल्या वीस हजारांत इंटरफेस, माइक आणि हेडफोन. मॉनिटर जुना चालेल.