स्लीपर बदलला, चिमटा तोच राहिला

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीड स्थानकातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५-९६ साली मंजुरी मिळाली होती. तेव्हा खर्चाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता. तो पुढे ४८०० कोटींच्या वर गेला. आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडले, बीडपर्यंत यायला आणखी तीन वर्षे लागली, आणि तरीही उद्घाटनाच्या त्या दिवशी बीड ते परळी हा टप्पा अपुराच होता. तीस वर्षे तिष्ठत राहिलेल्या जिल्ह्याला आनंद झाला, तो रास्तच होता. मागासलेपणाचा शिक्का कपाळी घेऊन जगणाऱ्या मुलखाला रेल्वे ही मेहेरबानी म्हणून मिळालेली नाही. ती त्याच्या हक्काची होती आणि अतिशय उशिरा मिळाली.

रेल्वे आली की श्रेयाची वाटणी सुरू होते. कोणी पाठपुरावा केला, कोणी निधी आणला, कोणाच्या वडिलांचे स्वप्न साकार झाले, याचे फलक चौकाचौकांत लागतात. या वाटणीत ज्याला कधीच वाटा मिळत नाही, असा एक माणूस आहे. गाडी सुटून गेल्यावर तो रुळाच्या कडेने चालत येतो. त्याच्या खांद्यावर पहार असते, आणि त्याच्या टोळीच्या सामानात स्लीपर उचलण्याचा एक लोखंडी चिमटा असतो. त्या चिमट्याची गोष्ट ही त्या माणसाचीच गोष्ट आहे. ती ठाऊक नसलेल्याने रेल्वेच्या प्रगतीवर भाषण करू नये.

चिमट्याची रचना अगदी साधी. मधोमध खिळ्याने जोडलेल्या दोन वाकड्या लोखंडी दांड्या, खाली आत वळलेले दोन दात, वर धरायला दोन मुठी. दात स्लीपरच्या दोन्ही बाजूंना लावायचे आणि दोघांनी दोन मुठी धरून वर खेचायचे. जितके वजन जास्त, तितके दात अधिक आवळतात. स्लीपरच्या दोन टोकांना दोन चिमटे आणि चार माणसे, असा हा हिशेब. लाकडी स्लीपरच्या काळात तो जमत होता. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि तेरा सेंटिमीटर जाड. त्याचे वजन ऐंशी किलोच्या आसपास भरे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीस किलो. लाकडात दात रुतत आणि पकड सुटत नसे.

मग काँक्रीटचा स्लीपर आला. त्याचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास असते. अलीकडच्या रुंद नमुन्याचे त्याहूनही जास्त. एका किलोमीटरला असे सुमारे १६६० स्लीपर लागतात. दोन चिमटे आणि चार माणसे हाच हिशेब ठेवला, तर माणशी वजन वीस किलोवरून जवळजवळ सत्तर किलोवर जाते. शिवाय काँक्रीटमध्ये दात रुतत नाहीत. पायाखाली सपाट जमीन नसते, सरकणारी खडी असते. एकाचा पाय घसरला की उरलेल्या तिघांच्या कमरेला हिसका बसतो, नाहीतर कोणाची तरी बोटे स्लीपरखाली जातात. स्लीपर साडेतीनपट जड झाला. चिमटा तोच राहिला आणि तो धरणारा माणूसही तोच राहिला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली हाताने उचलायच्या वजनाबद्दल एक करार आणि त्याला जोडून एक शिफारस मंजूर केली. प्रौढ पुरुषाला उचलावे लागणारे वजन ५५ किलोपेक्षा जास्त असेल तर ते शक्य तितक्या लवकर त्या पातळीवर आणावे, आणि स्त्रियांसाठी मर्यादा त्याहून पुष्कळ कमी असावी, असे ती शिफारस सांगते. आज रेल्वेच्या टोळ्यांत स्त्रियाही काम करतात. हत्यार मात्र त्यांच्या हाताच्या मापाने बनवावे, असे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. काँक्रीटचा स्लीपर हे काही श्रमिकांविरुद्धचे कारस्थान नव्हे. लाकूड दुर्मिळ झाले होते आणि जंगलांवरचा भार कमी करणे आवश्यक होते. लांबच लांब जोडलेले रूळ उन्हात प्रसरण पावून वाकडे होऊ नयेत, म्हणून त्यांना घट्ट धरून ठेवणारा जड पाया लागतो, आणि काँक्रीटच्या स्लीपरचे वजन हाच त्याचा गुण आहे. पण म्हणूनच प्रश्न अधिक टोकदार होतो. रुळाला किती वजन हवे याचा हिशेब करणारे शास्त्र या देशात होते. माणसाला किती वजन सोसते याचा हिशेब करण्याची इच्छा तेवढी नव्हती.

या आक्षेपाला एक ठरलेले उत्तर मिळते: काँक्रीटच्या स्लीपरची देखभाल यंत्राने करायची असते, स्लीपर दाबून बसवणारी प्रचंड यंत्रे रेल्वेकडे आहेत, आता टोळीचे काम ते काय उरले? हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे सत्य हे सत्ताधाऱ्यांचे आवडते हत्यार असते. यंत्र ठरलेल्या वेळापत्रकाने येते, आणि वाहतूक बंद ठेवल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पुलाच्या तोंडाशी रूळ खचतो, फाटकापाशी खडी चिखलाने भरते, सांध्याजवळचा स्लीपर सैल होतो. तेव्हा वाट यंत्राची पाहिली जात नाही. हाक टोळीला जाते. डबा घसरून पाचपन्नास स्लीपर फुटले की फुटलेला प्रत्येक स्लीपर आडवा ओढून काढणे आणि नवा आत सारणे हे हातांचेच काम असते. यंत्र शंभर जागा नीट करते. एकशेएकावी जागा माणसासाठी राहते. अपघात होतो तो त्या एकशेएकाव्या जागीच.

बीड जिल्ह्यात अशा जागा कमी नसणार. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. नव्या भरावाचा मार्ग पहिली काही वर्षे बसत आणि खचत राहतो. गाडी सुरू झाली त्याच महिन्यात मराठवाड्यावर अतिवृष्टीचा घाला पडला आणि बीडच्या नद्या पात्र सोडून वाहिल्या. उन्हाळ्यात वेगळीच अडचण. तापलेल्या रुळाखालची खडी हलवली तर रूळ वाकडा होण्याचा धोका असतो. म्हणून काम पहाटेच्या गारव्यात उरकावे लागते. वेळ थोडा, माणसे थोडी, वजन तेच. घाई होते, घाईत चिमटा निसटतो.

परळीचा अनुभव तर जुना आहे. दक्षिण मध्य रेल्वेच्या त्या मार्गावरून औष्णिक विद्युत केंद्राच्या कोळशाच्या जड गाड्या वर्षानुवर्षे धावल्या आहेत. घाटनांदूर ते परळी या पट्ट्यात रूळ सांभाळणाऱ्या टोळ्यांनी किती पिढ्यांच्या कमरा झिजवल्या, याची नोंद कोणत्याही स्थानकाच्या भिंतीवर नाही. महाराष्ट्राला वीज मिळाली. ती वाहून आणणाऱ्या रुळाखाली कोणाचे हात होते, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

हत्यारावरून माणूस ओळखण्याची रीत बीडला नवी नाही. या जिल्ह्यातून दरसाल लक्षावधी माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता लिहिला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाचे नाव पुसून तेथे हत्याराचे नाव लिहिले की त्याची कंबर, त्याचे आजारपण, त्याचे म्हातारपण हे सारे हिशेबाबाहेर जाते. रुळावरच्या टोळीवरही मुकादमच असतो, हा शब्दांचा केवळ योगायोग नव्हे. ‘गँगमन’ हे नाव बदलून ‘ट्रॅकमन’ झाले, पुढे ‘ट्रॅक मेंटेनर’ झाले. नावात इंग्रजी वाढत गेले. खांद्यावरचे लोखंड कमी झाले नाही.

आणि आता तर तो रेल्वेचा माणूस असेलच असे नाही. खडी चाळणे, स्लीपर बदलणे ही कामे ठेकेदाराकडे जातात. कंत्राटी कामगारांसाठीचा १९७० चा मूळ कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने आपल्यापुरती ही मर्यादा आधीच पन्नासवर नेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ती देशभर पन्नास केली. रुळावर काम करणारी टोळी कितीची असते? वीस, तीस, फार तर चाळीस. एवढीच माणसे ठेवणारा लहान ठेकेदार त्या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहतो. ज्याच्या वाट्याला सर्वांत जड वजन, त्याच्याच वाट्याला सर्वांत हलका कायदा: याला सुधारणा म्हणायचे असेल, तर लुटीला वेगळा शब्द शोधावा लागेल.

या कामात जीव जातात, हे गुपित नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि सुमारे ८७०० जखमी झाले, अशी नोंद त्यात आहे. देशाला गाडीचे अपघात आठवतात. रुळावर एकेकट्याने मेलेली ही माणसे आठवत नाहीत. २५ फेब्रुवारी २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंत्री सुरेश प्रभू यांनी दोन आश्वासने दिली: गाडी येत असल्याची सूचना देणारे ‘रक्षक’ उपकरण गँगमनला दिले जाईल, आणि गस्त घालताना त्याला वाहाव्या लागणाऱ्या हत्यारांचे वजन कमी केले जाईल. म्हणजे हत्यारे जड आहेत, हे खुद्द सरकारने संसदेत कबूल केले. त्या कबुलीनंतर कोणत्या टोळीचे ओझे किती किलोने उतरले, हे आता टोळीटोळीला जाऊन तराजूने मोजले पाहिजे.

समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे बोट दाखवण्याची हिंमत ठेवली पाहिजे. ८ ते २७ मे १९७४ या काळातला रेल्वे संप हा या देशाच्या श्रमिक इतिहासातला मानाचा अध्याय आहे. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली लक्षावधी कामगार उभे ठाकले, आणि हंगामी कामगारांना कायम करा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. अहमदनगरात जन्मलेले मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी परत कामावर घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. गरीब प्रवाशाच्या पाठीचा असा विचार त्यापूर्वी कोणी केला नव्हता. पण त्या गादीखालच्या डब्याखालचा रूळ सांभाळणाऱ्याची पाठ तशीच राहिली. प्रकल्पांवरच्या हंगामी कामगारांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याची योजना इंदरपाल यादव प्रकरणात, १९८५ साली, सर्वोच्च न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावी लागली. रस्त्यावर मागितलेले न्यायालयात मिळाले, आणि न्यायालयात मिळालेले आता ठेकेदारीच्या मागल्या दाराने निघून चालले आहे. दरम्यान कार्यकर्ते थांब्यांसाठी आणि नव्या गाड्यांसाठी निवेदने देत राहिले. तेही काम आवश्यकच होते. पण रेल्वेचा प्रश्न म्हणजे केवळ प्रवाशांचा प्रश्न, असे मानणे ही मध्यमवर्गीय दृष्टी झाली.

मागण्या अवाजवी नाहीत. प्रत्येक टोळीला रूळ उचलणारे हलके जॅक आणि स्लीपर वाहून नेणारी हातगाडी मिळावी. काँक्रीटचा स्लीपर आठपेक्षा कमी माणसांनी हाताने उचलू नये, असा लेखी नियम व्हावा. रुळावर टोळी वाकलेली असताना गाडीवर नजर ठेवणारा माणूस वेगळा असावा, कामातलाच एक नसावा. मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, याचा फलक प्रत्येक स्थानकावर लागावा. कायमस्वरूपी काम कायम कामगारालाच मिळावे, आणि ठेका असेलच तर टोळी दहाची असो की पन्नासाची, संरक्षण एकच असावे. चार हजार आठशे कोटींच्या मार्गावर याचा खर्च खडीच्या हिशेबातही दिसणार नाही.

आष्टी, बीड, घाटनांदूर आणि परळीच्या साथींनी या कामाला आजपासून लागावे. २००५ चा माहिती अधिकार हाताशी आहे. एका पहाटे टोळीबरोबर चालावे, सामान तराजूवर घालावे, माणसे मोजावी, आणि चिमट्याची एक मूठ स्वतः धरून पाहावी. त्यानंतर निवेदन लिहायला बसणाऱ्याला शब्द शोधावे लागणार नाहीत.

बीडला रेल्वे मिळायला तीस वर्षे लागली. ती रेल्वे ज्याच्या हातांवर उभी आहे, त्याला न्याय मिळायला आणखी तीस वर्षे लागली, तर हा जिल्हा मागासलेला राहिला असेच म्हणावे लागेल, मग गाड्या कितीही धावोत.